माहिती झेपेल तेवढीच घ्या!

मोबाइल फोन घरोघरी आल्यापासून बरेच रुग्ण आपल्या आजाराची माहिती इंटरनेटवर वाचूनच दवाखान्यात येतात. ही सवय चांगली आहे. परंतु वाचलेला मजकूर कोणासाठी लिहिला आहे, हे पाहणेही तितकेच जरुरीचे आहे.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीचे उदाहरण घ्या. डॉक्टरांसाठीच्या मजकुरात तिच्या दुष्परिणामांत 'लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस' हा शब्द ठळकपणे येतो. रक्तातील आम्ल वाढून जिवावर बेतणारी ही अवस्था अतिशय क्वचित आढळते व तीही मुख्यतः मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णांत. म्हणूनच डॉक्टर रक्तातील क्रिएटिनीन तपासून घेतात. नव्या रुग्णाला हे ठाऊक नसते. तो घाबरून गोळी परस्पर बंद करतो आणि साखर वाढत जाते. त्याला सुरुवातीला एवढे कळले तरी पुरे : गोळी जेवणासोबत घ्यावी, पहिले काही दिवस मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात, त्रास फार झाल्यास डॉक्टरांना विचारावे आणि मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळी करावी.

ही अडचण ओळखून काही ठिकाणी एकाच आजारावर दोन प्रकारचा मजकूर दिला जातो. अमेरिकेतील 'मर्क मॅन्युअल' हा ग्रंथ १८९९ मध्ये डॉक्टरांसाठी निघाला. सर्वसामान्यांसाठी वेगळी आवृत्ती १९९७ मध्ये आली. आज 'एमएसडी मॅन्युअल' या नावाने दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या माहितीतही रुग्णांचा व डॉक्टरांचा भाग वेगळा असतो.

रुग्णारुग्णांतही फरक असतोच. नुकताच मधुमेह निघालेल्याने आहार, चालणे व गोळीची वेळ समजून घ्यावी. इन्शुलिन घेणाऱ्याला साखर उतरल्याची लक्षणे माहीत हवीत. थरथर, घाम, चक्कर आल्यास व रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. जुन्या रुग्णाने डोळे, मूत्रपिंड व पायांच्या तपासणीविषयी वाचावे.

तेव्हा वाचताना आधी 'रुग्णांसाठी' असा भाग शोधा. न समजलेला शब्द कागदावर लिहून डॉक्टरांना विचारा. त्यांनी सांगितलेले आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांगा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल. आणि काहीही वाचले, तरी चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.