गारठा वेगात असतो

डिसेंबर-जानेवारीत नरसीहून हिंगोलीला सकाळी कामाला निघालेला मोटारसायकलवाला बघा. उजवा हात ॲक्सिलरेटरवर, सोडता येत नाही म्हणून. डावा मांडीखाली दाबलेला. डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट असलं तर असलं, आणि अंगात उन्हाळ्यात घालतो तोच शर्ट, वरून एक विंडचीटर. मध्येच एखादा गाडी थांबवतो आणि इंजिनाशी ओणवा होऊन हात शेकतो.

पारा दहावर आला की पेपरात थंडीची लाट येते, आणि लेहला राहून आलेल्या माझ्यासारख्यानं त्यावर हसावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला हसू येत नाही. मी फौजेत सिग्नल्समध्ये डी. आर. होतो. डी. आर. म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवरून टपाल आणि कागद पोचवणारा. जबलपूरला शिकलो. तिथल्या डिस्पॅच रायडरांची ‘डेअर डेव्हिल्स’ ही कसरतीची टोळी १९३५ पासूनची. मी काही कसरतवाला नव्हतो, साधा टपालवाला. पंजाबात हिवाळे काढले, लेहला काढले, आणि आता हिंगोलीत एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो. या तिन्हींत माणसं सगळ्यात बेफिकीर होऊन गाडी चालवतात ती आपल्याकडे.

कारण आपण थंडी पेपरातल्या आकड्यावर मोजतो. गाडीवर ती वेगावर मोजावी लागते. आपल्या कातडीला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. नवा थर तापायच्या आत तोही जातो. वारा वाहत नसला तरी साठच्या वेगानं चाललेला माणूस स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं, आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. १९४५ साली त्यांनी ते छापलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं ते गणित सुधारून घेतलं. त्या गणितानं १० अंशांत ताशी ६० किलोमीटरनं गेलात तर उघड्या कातडीला ५ अंशांसारखं लागतं. पारा ५ वर असेल तर शून्याच्याही खाली, उणे दोनच्या आसपास. परभणीला कृषी विद्यापीठात पाच अंशांच्या खालची नोंद अधूनमधून होतेच, आणि परभणी आपल्यापासून लांब नाही.

यात पहिला बळी बोटांचा. शरीर काळीज-फुप्फुसं गरम ठेवायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि माणसाला वाटतं, चला, सवय झाली. तिथंच धोका. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. बधिर बोटांनी पुढचा ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तरी आठ मीटर गेले. पुढे उसाची ट्रॉली असेल तर तेवढे पुरतात.

ट्रॉलीचं नाव काढलंच आहे तर आपल्या रस्त्याचंही सांगतो. हिवाळा हा आपल्याकडं उसाचा, कापसाचा आणि तुरीचा हंगाम. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, लाल रेडियमची पट्टी चिखलानं झाकलेली, आणि बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. पुढे जानेवारीत कुणी तुरीची रास रस्त्यावरच पसरतो, वाहनं जाऊन आपोआप मळणी व्हावी म्हणून. त्या भुसकटावर ब्रेक मारला की चाक सरकलंच. वर आणखी, नरसी हिंगोलीच्या पश्चिमेला. सातच्या सुमाराला निघालात की सूर्य थेट डोळ्यांत, आणि संध्याकाळी परतताना तोच पुन्हा समोर.

कयाधू नदीच्या अंगानं रस्ता खाली उतरतो तिथं एकदम गार झोत लागतो, हे या रस्त्यावर चालणारा कुणीही सांगेल. म्हातारी माणसं त्याला बाहेरचं काही मानायची. गार हवा जड असते, रात्रभर उतारावरून ओघळून नदीच्या खोलगटात साचते, एवढंच. भिजवलेल्या गव्हाच्या आणि उसाच्या रानाजवळही तसंच होतं. आणि समुद्र लांब, आभाळ निरभ्र, हवा कोरडी असल्यामुळं आपली जमीन दिवसा जेवढी तापते तेवढीच रात्री झपाट्यानं निवते. दुपारी तीसला असलेला पारा पहाटेपर्यंत पंधरा-सोळा अंश खाली येतो. दुपारी शर्टावर लग्नाला गेलेला माणूस रात्री अकराला परततो, तो याच फरकात सापडतो.

पंजाबची थंडी वेगळी, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात नकोशी. अंश बघितले तर लेहच्या मानानं काहीच नाही, पण धुकं असतं. ते धुकं हातमोज्यात शिरतं, लोकरीत शिरतं, आणि ओली लोकर म्हणजे अंगावर घेतलेला गारठाच. हेल्मेटची काच आतून श्वासानं आणि बाहेरून धुक्यानं आंधळी होते. काचेला आतून कोरडा साबण घासून फडक्यानं पुसून घ्यायचा, हे मला तिथल्या एका दूधवाल्या सरदारानं शिकवलं. त्याच्या हँडलला दोन्ही बाजूंनी जाड रेक्झिनच्या पिशव्या बांधलेल्या असत, आत हात घालून बसायचं. पायांपुढं गोणपाट. दिसायला गाडी नव्हे, बोचकं. पण पहाटे चारला त्याचे हात गरम असत.

त्यानंच गाव विचारलं. नरसी म्हटल्यावर त्याला काही कळलं नाही. भगत नामदेवांचं जन्मगाव म्हटल्यावर त्यानं पगडीला हात लावला. नामदेव महाराजांचा जन्म १२७० चा, नरसीचा, असं आपण मानतो. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला काढली असंही परंपरा सांगते. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्याकडं पुष्कळांना ते नाव नव्यानं कळलं. मी तिथं गेलो होतो तो माघाच्या थंडीत, बुलेटवर. गुरुद्वाऱ्यात लंगरचा चहा स्टीलच्या ग्लासात देतात. तो ग्लास तेव्हा प्यायला कमी आणि धरायला जास्त उपयोगी पडला.

लेहला गणितच बदलतं. साडेतीन हजार मीटरची उंची, हवा विरळ आणि कोरडी. उणे १० मध्ये चाळीसच्या वेगानं गेलं तर त्याच गणितानं उणे २१ लागतं. पण तिथं कुणीही शर्टावर निघत नाही. लोकरीचे पातळ मोजे, त्यावर जाड, तोंडाला बालाक्लाव्हा, आणि थरावर थर. दोन थरांमधली कोंडलेली हवाच ऊब देते. एकच जाड कोट घालणाऱ्याला उस्ताद परत पाठवायचे.

गाडीचीही वेगळी निगा. इंजिन ऑईल थंडीत घट्ट होतं, किक पायाला दगडासारखी लागते. बॅटरीची आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून बॅटरी रात्री काढून बराकीत बुखारीपासून, म्हणजे शेगडीपासून, बेतानं लांब ठेवायची. गाडी उतारालाच लावायची, म्हणजे किकनं नाही तर ढकलून सुरू होईल. जुन्या बुलेटला चोक द्यायचा, डीकॉम्प्रेसर दाबून अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणायचा, आणि मग एकच पूर्ण लाथ. २०२० नंतरच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, चोक गेला. आमच्या गल्लीतल्या पोरांना तो दांडा कशाला होता ते माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही उरली नाही.

पेट्रोल तिथल्या थंडीत गोठत नाही. डिझेलचं मात्र मेण होतं. ट्रकवाले पहाटे टाकीखाली शेकोटी करत, बघून जीव उडायचा. २०१९ मध्ये इंडियन ऑईलनं लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न थिजणारं डिझेल आणलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. पेट्रोल गोठत नाही हीही निखळ चांगली गोष्ट नाही. टाकी भरताना ते उघड्या हातावर सांडलं तर उणे तापमानाचं ते पातळ पेट्रोल उडून जाताना कातडीच गोठवतं. मोजे काढून पेट्रोल भरायचं नाही, हा तिथला नियम.

आणि बर्फ. पांढरा बर्फ दिसतो, त्यामुळं त्याचं एवढं भय नाही. दिवसा रस्त्यावरून वाहिलेलं ओढ्याचं पाणी रात्री काचेसारखं गोठतं, ते डांबराच्याच रंगाचं दिसतं. त्यावर पुढचा ब्रेक नाही, क्लच नाही, हँडल वळवणं नाही. वेग आधीच कमी करून सरळ निघायचं. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, ‘एलेफांटेनट्रेफन’ नावाचा. बर्फात तंबू ठोकून राहतात. त्यातले बरेच साइडकार जोडून येतात. तीन चाकांची गाडी सहजी आडवी होत नाही, हे शहाणपण आहे.

आपल्या रस्त्याला यातलं थोडंच लागतं. छातीला वारा अडवणारं काहीतरी. ते नसेल तर शर्टाच्या आत घडी केलेला पेपर, तो अजूनही कुठल्याही जॅकेटाला लाजवतो. मफलरची टोकं आत खोचलेली, चाकाकडे लोंबणारी नाहीत. टायरची हवा पहाटे बघायची, कारण दहा अंश उतरले की दीड पौंडाच्या आसपास हवा कमी भरते. आणि हातांसाठी त्या सरदारासारख्या हँडलच्या पिशव्या. मी माझ्या शिवून घेतल्यात, गावातल्या शिंप्याकडून, जुन्या रेक्झिनच्या.

मागच्या आठवड्यात कॉलेजची तीन पोरं घरी आली. जानेवारीत गाडीवर लडाख करायचं म्हणाली, फौजी काका मार्ग सांगा. मी म्हटलं, अटल बोगद्यानं लाहौलपर्यंत जाल, पुढं बारालाचाच्या खिंडीत बर्फ असतो, रस्ता बंद. जूनमध्ये जा. त्यांनी मोबाइलवर पंधरा हजारांची जॅकेटं दाखवली. तिघंही सहाच्या थंडीत उघड्या हातांनी आले होते, एकाला चहाची बशी धरता येत नव्हती. त्याला मी अंगणातल्या गाडीवरच्या पिशव्या दाखवल्या, तुलाही शिवून देतो म्हटलं, कापडाचे पैसेही नकोत.

त्यानं हात घालून बघितला, ऊब लागल्यावर दोन मिनिटं तसाच उभा राहिला, आणि मग म्हणाला, “काका, भारी आहे. पण फोटोत बरं नाही दिसणार.”