बदलत्या राशींची बेरीज: ग्वाल्हेरच्या कॉलेजातले समाकलन

सतत बदलत जाणाऱ्या राशीची एकूण बेरीज कशी काढायची, हा समाकलनाचा, म्हणजे इंटिग्रल कॅल्क्युलसचा, मूळ प्रश्न आहे. राशी बदलत नसेल तर गुणाकारावर भागते. याचे जुने उदाहरण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे: तिथल्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात कोरलेल्या गोल शून्यामुळे गणिताच्या इतिहासात या लेखाला मानाची जागा मिळाली. हे शून्य ज्या आकड्यांत येते ते मात्र साध्या व्यवहाराचे आहेत: फुलबागेसाठी दिलेली २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन आणि देवाला रोज वाहायच्या ५० माळा. ही जमीन आयताकृती धरली, तर तिचे क्षेत्रफळ एका गुणाकारात ५०,४९० चौरस हात येते.

किल्ल्याच्या पठाराला ही रीत चालत नाही. पठार सुमारे ३ किलोमीटर लांब असले, तरी त्याची रुंदी कुठे फुगते, कुठे चिंचोळी होते. मग गुणायचे कुठल्या रुंदीने? त्यावर उपाय असा, की पठाराच्या आडव्या पट्ट्या पाडाव्यात, प्रत्येक पट्टी आयत मानून तिचे क्षेत्रफळ काढावे आणि सगळी क्षेत्रफळे मिळवावीत. पट्ट्या जितक्या अरुंद, तितकी चूक कमी. पट्ट्यांची रुंदी शून्याकडे नेत गेल्यावर ही बेरीज ज्या एका संख्येकडे सरकते, ती संख्या म्हणजे निश्चित समाकल. संपूर्ण अभ्यासक्रम या एका कल्पनेवर उभा आहे, पण तो शिकवला जातो तेव्हा ही कल्पना बऱ्याचदा मागच्या बाकावर बसलेली असते.

किल्ल्याच्या पायथ्याशी, दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून लष्कर हे शहर वाढले. महाराज बाडा, टोपी बाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत शिंदेशाहीबरोबर आलेली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. अशा घरातल्या मुलाची या विषयाशी पहिली गाठ बारावीत पडते, तीही हिंदी किंवा इंग्रजीतून. सीबीएसईच्या बारावीच्या गणिताच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ३५ गुण एकट्या कलनाला, म्हणजे कॅल्क्युलसला, असतात. पुढे बी.एस्सी.ला गेल्यास पूर्वीचे व्हिक्टोरिया कॉलेज, म्हणजे आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय, आणि १९६४ साली स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठ. अभियांत्रिकीला गेल्यास १९५७ पासूनची माधव इन्स्टिट्यूट. वाट कोणतीही धरली तरी पहिल्या वर्षी समाकलन चुकत नाही. फरक एवढाच, की बी.एस्सी.ला सिद्धतेवर भर असतो आणि अभियांत्रिकीला उत्तर काढण्यावर.

मूळ कल्पना पाहायला ग्वाल्हेरचेच उदाहरण घेता येते. शहराला पाणी देणारे तिघरा धरण सांक नदीवर आहे. सुमारे २४ मीटर उंचीचे हे दगडी धरण १९१७ साली फुटले आणि १९२९ मध्ये पुन्हा बांधून झाले. अशा भिंतीवर पाणी किती जोर लावते?

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर १ टन, दहा मीटरवर १० टन, तळाशी २४ मीटरवर २४ टन. भिंतीचा एक मीटर रुंदीचा उभा पट्टा घेतला, तर त्याच्या एकूण २४ चौरस मीटरवर दाब सारखा नाही, म्हणून सरळ गुणाकार करता येत नाही. तेव्हा पट्ट्याचे एक-एक मीटर उंचीचे २४ तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या खालच्या कडेचा दाब धरला, तर बेरीज १ पासून २४ पर्यंतच्या संख्यांची, म्हणजे ३०० टन येते. वरच्या कडेचा धरला तर २७६ टन. पहिला आकडा नक्की जास्त, दुसरा नक्की कमी, आणि खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये.

आता तुकडे अर्ध्या मीटरचे करावेत. दोन्ही बेरजा २९४ आणि २८२ वर येतात. दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे केल्यास २८९.२ आणि २८६.८. वरून उतरणारी आणि खालून चढणारी अशा दोन्ही बेरजा एकाच संख्येला कवटाळत जातात. ती संख्या २८८ आहे. जर्मन गणिती रीमान याने १८५४ साली समाकलाची जी काटेकोर व्याख्या मांडली, तिचा गाभा हाच: तुकडे कसेही पाडा, ते पुरेसे बारीक केले की प्रत्येक बेरीज त्या एकाच संख्येच्या हव्या तितक्या जवळ आली पाहिजे.

पण दर वेळी शेकडो तुकड्यांची बेरीज कोण करत बसणार? इथे या विषयातला सर्वांत मोठा सिद्धांत मदतीला येतो. त्याला कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय म्हणतात. विकलनात एखाद्या राशीच्या बदलाचा वेग काढतात. प्रमेय सांगते, की समाकलन ही त्याचीच उलटी क्रिया आहे. ज्या सूत्राचे विकलन केल्यावर ‘खोली’ मिळते, ते सूत्र म्हणजे खोलीच्या वर्गाचे निम्मे. त्यात २४ घातले की ५७६ चे निम्मे, २८८. तुकडे पाडायची गरजच उरली नाही.

क्षेत्रफळाचा प्रश्न आणि वेगाचा प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू असतील, असे वरवर पाहता वाटत नाही. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाते सर्वसाधारण रीत म्हणून हाती घेतले. वर-खाली ताणलेल्या एस अक्षरासारखे समाकलनाचे चिन्ह लायब्निझने २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात प्रथम वापरले. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते पहिले अक्षर. वर्गात हे चिन्ह दिसले की ‘उलटे विकलन करा’ एवढाच हुकूम ऐकू येतो. चिन्ह मात्र साडेतीनशे वर्षे ‘बेरीज करा’ असे म्हणत आहे.

तिघऱ्याचा हिशेब अजून थोडा पुढे नेण्यासारखा आहे. १९१७ च्या पुरात धरणावरून सुमारे ४०० मीटर लांबीत ०.८५ मीटर उंचीचे पाणी वाहिले, भिंतीचे दोन मोठे भाग जागचे सरकले आणि धरण गेले. पाणी ०.८५ मीटरने चढल्यावर भिंतीच्या माथ्यावर दाब शून्य राहत नाही आणि तळाशी तो २४.८५ टन होतो. समाकलनाच्या सीमा बदलल्या, की उत्तर ३०८.४ टन येते, म्हणजे प्रत्येक मीटर रुंदीमागे वीस टनांहून अधिक जादा जोर. भिंत तळापाशी उलथवू पाहणाऱ्या परिणामासाठी प्रत्येक पट्टीवरच्या जोराला तिच्या तळापासूनच्या उंचीने गुणून पुन्हा समाकलन करावे लागते. तो परिणाम काठोकाठ भरलेल्या धरणात २,३०४ टन-मीटर, तर पुराच्या वेळी सुमारे २,५४९. जोर सात टक्क्यांनी वाढला, पण उलथवण्याचा परिणाम साडेदहा टक्क्यांहून जास्त. हा हिशेब भिंतीची पाण्याकडची बाजू सरळ उभी धरून केला आहे. खऱ्या आराखड्यात पायाखाली झिरपलेल्या पाण्याचा वर उचलणारा दाबही मोजावा लागतो. खडकवासला धरणाला १९०३ मध्ये बसवलेल्या, अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची रचना तिघऱ्यालाही वापरली गेली. पाण्याची पातळी ठरावीक उंचीपलीकडे चढू द्यायची नाही, हाच त्या दरवाजांचा हेतू.

अभ्यासक्रमात अशी उदाहरणे येईपर्यंत विद्यार्थ्याला क्लृप्त्यांचे मोठे जंगल पार करावे लागते. विकलनाला ठाम नियम आहेत. सूत्र कितीही वेडेवाकडे असले तरी नियम लावत गेले की उत्तर मिळतेच. उलट दिशेने असा राजमार्ग नाही. गुणाकाराच्या समाकलनाला सरळ नियम नाही, भागाकाराच्याही नाही. म्हणून आदेशपद्धती येते: अवघड भागाला एकच नवे अक्षर द्यायचे आणि सगळे त्या अक्षरात लिहायचे. मग खंडशः समाकलन, ज्याला मुले ‘बाय पार्ट्‌स’ म्हणतात. त्यात दोन फलांपैकी, म्हणजे फंक्शनांपैकी, पहिले कोणते घ्यायचे हे ठरवायला ‘आयलेट’ हा शब्द घोकला जातो: इन्व्हर्स, लॉग, अल्जिब्राइक, ट्रिगो, एक्स्पोनेन्शियल. अपूर्णांकांची फोड करायची आंशिक अपूर्णांकांची रीत तिसरी. सेक या त्रिकोणमितीय फलाच्या घनाचे समाकलन करताना तर मूळ समाकलच उजव्या बाजूला पुन्हा उगवतो. तो डावीकडे नेला की उदाहरण सुटते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही हातचलाखी वाटते, आणि थोडीशी ती आहेच.

उत्तराच्या शेवटी ‘अधिक सी’ लिहायचे राहिले म्हणून गुण गेले नाहीत असा विद्यार्थी विरळा. हा सी केवळ परीक्षकाचा हट्ट नाही. स्थिर संख्येचे विकलन शून्य असते, त्यामुळे उलट्या वाटेने येताना मूळ सूत्रात कोणती स्थिर संख्या होती हे कळायला मार्ग नसतो. वेगावरून प्रवास काढता येतो, निघालेले गाव काढता येत नाही.

उत्तर भारतातल्या कॉलेजांत पिढ्यांनी हा सराव शांति नारायण आणि गोरख प्रसाद यांच्या पुस्तकांवरून केला. उदाहरणांच्या लांबलचक रांगा ही त्या परंपरेची ताकद आणि तीच तिची मर्यादाही. हात बसतो, यात शंका नाही. पण आधी अनिश्चित समाकलन (म्हणजे नुसते उलटे विकलन), त्याच्या साऱ्या रीती आणि बऱ्याच उशिरा बेरजेची सीमा, हा क्रम इतिहासाच्या नेमका उलटा आहे.

इतिहासात बेरीज आधी आली. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने पॅराबोलाच्या खंडाचे क्षेत्रफळ त्यात बसवलेल्या त्रिकोणाच्या चार-तृतीयांश असल्याचे सिद्ध केले. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त गोलाचे पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट सांगितले आणि ते गोलाच्या पृष्ठाचे बारीक पट्टे पाडून पटवले. घनफळासाठी त्यांनी गोल असंख्य निमुळत्या सूचींचा बनलेला मानला: प्रत्येकीचे टोक केंद्रात, तळ पृष्ठावर. सूचीचे घनफळ तळ गुणिले उंची भागिले तीन. सगळ्यांची बेरीज केली की पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागल्याइतके उत्तर येते. हे समाकलनच आहे, फक्त त्याला सर्वसाधारण रीतीचे रूप आलेले नव्हते. केरळात गणिती माधवाच्या परंपरेने पुढचा टप्पा गाठला. ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात नैसर्गिक संख्यांच्या घातांच्या बेरजांची सीमा काढून वर्तुळाच्या परिघाची श्रेढी सिद्ध केली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात कलनाची बीजे आहेत हे एकोणिसाव्या शतकात युरोपीय वाचकांपुढे मांडले, ते मूळच्या नगर जिल्ह्यातल्या आणि काशीला अध्यापन करणाऱ्या बापूदेव शास्त्री यांनी, १८५८ मधील लेखात.

वर्गात समाकलनाच्या रीती संपल्या की अभ्यासक्रमाचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. वक्राखालचे क्षेत्रफळ, वक्राची लांबी, वक्र एखाद्या अक्षाभोवती फिरवून तयार होणाऱ्या घनाकृतीचे घनफळ आणि पृष्ठफळ, ही सगळी ‘तुकडे करा, मिळवा’चीच रूपे. साइनच्या मोठ्या घातांसाठी लघुकरण सूत्रे असतात; त्यांनी दहावा घात आठव्यावर, आठवा सहाव्यावर असा उतरत आणता येतो. इथे बारावीत नुसती पाठ केलेली सूत्रे विद्यार्थी स्वतः सिद्ध करू लागतो. वर्तुळ फिरवले की गोल, आणि भास्कराचार्यांचे उत्तर दोन ओळींत हाती येते.

काही वेळा सगळ्या रीती थकतात. ई या संख्येचा वजा क्ष-वर्ग हा घात घेऊन मिळणारे घंटेच्या आकाराचे फल संख्याशास्त्रात पदोपदी लागते. त्याचा उलट विकलज बीजगणितीय, त्रिकोणमितीय, घातांकी आणि लॉगरिदम फलांच्या कोणत्याही सांत जुळणीतून लिहिता येत नाही. अशी सिद्धता देण्याचा पाया लिऊव्हील या फ्रेंच गणितीने १८३० च्या दशकात घातला. म्हणजे उत्तर सापडत नाही ते विद्यार्थ्याच्या कच्चेपणामुळे नव्हे. हे वर्गात स्पष्ट सांगितले तर बऱ्याच मुलांची विषयाची भीती ओसरेल.

अशा ठिकाणी पुन्हा बेरजेकडे वळावे लागते. सिम्पसनच्या नियमात तुकड्यांच्या माथ्यावर सरळ रेषेऐवजी पॅराबोलाची कमान बसवतात आणि थोड्याच तुकड्यांत बरेच अचूक उत्तर मिळते. जलाशयातील साठा काढतानाही अभियंत्यापुढे कुठले सूत्र नसते. निरनिराळ्या पातळ्यांवर पाण्याचा पसारा किती आहे याची मोजमापे असतात, आणि त्या क्षेत्रफळांची उंचीनुसार बेरीज करून घनफळ काढले जाते. गाळ साचल्यावर मोजमापे बदलतात, म्हणून हा हिशेब अधूनमधून नव्याने करावा लागतो.

घंटेच्या आकाराच्या त्या वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ मात्र, दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत, अचूक काढता येते. त्यासाठी समाकलाला त्याच समाकलाने गुणायचे, म्हणजे प्रश्न रेषेवरून प्रतलावर जातो. मग आयताकृती तुकड्यांऐवजी केंद्राभोवतीच्या कड्या घ्यायच्या. कडीच्या परिघामुळे नेमका तो गुणक मिळतो ज्याच्या अभावी आदेशपद्धती अडली होती. वर्गाचे उत्तर पाय येते, म्हणून मूळ क्षेत्रफळ पायचे वर्गमूळ, सुमारे १.७७२५.  दुहेरी समाकलनाचा अभ्यास इथून सुरू होतो.