शब्द सापडला की हट्ट ओसरतो

हैदराबाद शहरातील गौलीगुडा हा भाग मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीमुळे परिचित आहे. तेथील बालकाच्या कानी घरात मराठी, रस्त्यावर दखनी व तेलुगू, तर शाळेत बहुधा इंग्रजी पडते. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवीत असे. त्याच राजवटीत केशवराव कोरटकर आदी धुरीणांनी मराठी मुलांसाठी जी शाळा उभारली, तिचे नाव ‘विवेकवर्धिनी’. भाषेचा आणि विवेकाचा असा काय बरे संबंध असावा?

तीन-चार वर्षांचे मूल खेळताना स्वतःशीच बोलते, हे आपण पाहिलेच असेल. “हळू ठेवायचं, पाडायचं नाही!” ही निरर्थक बडबड नव्हे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, वडीलधाऱ्यांचे शब्द मूल आधी मोठ्याने स्वतःस सांगते, पुढे तेच मनातल्या मनात बोलते आणि त्या बोलण्यानेच स्वतःस आवरते.

अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी बालकांपुढे खाऊ ठेवून, थोडे थांबल्यास अधिक आवडता खाऊ मिळेल, असे सांगितले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खाऊचेच चिंतन करणारी मुले लवकर अधीर झाली. गमतीच्या गोष्टी आठवणारी अधिक वेळ थांबली. संयम म्हणजे केवळ दात-ओठ खाणे नव्हे, तर मन वळविण्याची युक्ती होय. मात्र खाऊसाठी न थांबणाऱ्या मुलाचे भवितव्य अंधारले, असे कोणी समजू नये. २०१८ सालच्या अधिक व्यापक अभ्यासात दिसून आले की, पुढील यशाशी जोडलेला हा संबंध बराचसा घरच्या परिस्थितीचा व बालपणीच्या आकलनशक्तीचा असतो.

तेव्हा मातापित्यांनो, मूल हट्टास पेटले की “गप्प बस!” एवढ्यावर थांबू नका. “तुला राग आला आहे, कारण खेळ अर्धा राहिला,” असे त्याच्या भावनेस नाव द्या. पुढे काय करता येईल, हे त्यालाच विचारा. इंग्रजी शाळेत घातले म्हणून घरी मोडक्या इंग्रजीत बोलण्याचा अट्टाहास नको. ज्या भाषेत आपण मनमोकळे बोलतो, तिच्यातच लेकराला समजावण्यास पुरेसे शब्द आपल्यापाशी असतात. आज आपण दिलेले शब्दच उद्या त्याच्या मनात बोलतील.