थडग्यांवरची लिपी, शाळेतली मुलं

कोलकात्याच्या बडाबाजारात हातगाड्या आणि हमालांमधून वाट काढत आर्मेनियन स्ट्रीटवर पोहोचलं की दुकानांच्या गर्दीत चर्चचं फाटक लागतं. आत पाऊल पडतं ते थेट थडग्यांवर. नाझरेथचं हे चर्च 1724 साली आर्मेनियन कब्रस्तानाच्या जागेवरच उभं राहिलं, त्यामुळे अंगणात फरशीऐवजी समाधिशिळा आहेत. चपला वाजू नयेत म्हणून माणूस आपसूक जपून चालतो.

यातली एक शिळा रेझाबीबीची. तिच्यावरची तारीख 11 जुलै 1630 अशी वाचली गेली आहे. जॉब चार्नॉकने हुगळीकाठी तळ ठोकला 1690 मध्ये. म्हणजे इंग्रजांच्या कलकत्त्याआधी साठ वर्षं इथे एका आर्मेनियन बाईची मूठमाती झाली होती! सगळ्याच इतिहासकारांना ही तारीख मान्य नाही. पण वाद घालायला तरी ती हाती आली, ती मेस्रोब जेकब सेठ यांच्यामुळे.

आडनाव गुजराती पेढीवरचं वाटलं, तरी सेठ जन्मले इराणमधल्या नव्या जुल्फात. शाह अब्बासने 1604-05 मध्ये आरस नदीकाठच्या जुल्फाचे व्यापारी उचलून इस्फहानजवळ वसवले, तीच ही वस्ती. तिथून रेशमाच्या आणि रत्नांच्या व्यापारात ही माणसं सुरत, आग्रा, मद्रास, बंगालपर्यंत पसरली. इंग्रजांनाही त्यांची गरज होती. ईस्ट इंडिया कंपनीने 1688 च्या करारात कबूल केलं होतं, की आपल्या कुठल्याही गावात चाळीस आर्मेनियन राहायला आले तर त्यांना चर्चसाठी जागा देऊ. कंपनीचे वायदे सहसा एवढे सढळ नसत.

सेठ शिकायला कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. अभिजात आर्मेनियन वाचता येणारा हा माणूस गावोगावची कब्रस्तानं धुंडाळत, शिळांवरचा मजकूर उतरवून घेत फिरला. 1937 साली त्यांचा ‘आर्मेनियन्स इन इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात भाबडा समाजाभिमान पुष्कळ आहे, काही दावे पारखूनच घ्यावे लागतात. तरी या समाजाविषयी लिहिणाऱ्या कुणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही.

सेठ ज्या शाळेत शिकले ती आर्मेनियन कॉलेज अँड फिलँथ्रॉपिक अकॅडमी. नावात ‘कॉलेज’ असलं तरी ही निवासी शाळा. 2 एप्रिल 1821 रोजी सुरू झालेली ही संस्था पुढे फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर आली. कादंबरीकार थॅकरेचा 1811 मधला जन्म याच आवारातला.

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याचे आर्मेनियन ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिकेला निघून गेले. ज्या समाजातल्या अरातून स्टीफनने ग्रँड हॉटेल नावारूपाला आणलं, तो शे-दीडशे माणसांवर आला. गावात मुलंच उरली नाहीत, तर शाळा कशी चालायची? ती चालली बाहेरच्या मुलांवर. इराण, इराक आणि पुढे खुद्द आर्मेनियातून मुलं येतात. राहणं, जेवण, शिक्षण फुकट. ती वर्गात मातृभाषा शिकतात, मैदानात रग्बी खेळतात आणि 6 जानेवारीला, आर्मेनियन प्रथेप्रमाणे, नाताळ साजरा करतात.

या समाजाला पैशांचा तुटवडा कधीच नव्हता. कलकत्त्यात जन्मलेल्या सर कॅचिक पॉल चॅटर यांनी हाँगकाँगमध्ये अफाट संपत्ती मिळवली आणि 1926 मध्ये मरताना तिचा मोठा वाटा इथल्या चर्चच्या नावे ठेवला. टंचाई आहे ती माणसांची. शाळेतली बहुतेक मुलं शिक्षण संपलं की परत जातात. रेझाबीबीशी त्यांचं नातं भाषेचं आणि धर्माचं, घराण्याचं नव्हे. काहींना हा सगळा उसना देखावा वाटेल. पण अंगणातली शिळा अडखळत का होईना वाचू शकणारं पोर या शहरात आजही सापडतं, ते या शाळेमुळेच.

चेन्नईत तेवढंही उरलेलं नाही. तिथल्या पाद्री हारुत्यून श्माव्होन्यान यांनी 1794 साली ‘अझ्दारार’ हे जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक छापलं. त्यांचं थडगं चर्चच्या आवारात आहे. चर्च नीट राखलेलं, पण प्रार्थनेला येणारा समाज नाही.

आणि मुंबई? फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, 1796 सालचं सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे. त्या बाजूला काम निघालं, तर दोन मिनिटं थांबून बघा.