लांब वाटेचा एक तुकडा

नर्मदेची परिक्रमा सलग करणें सर्वांनाच साधत नाहीं. नोकरी, संसार, प्रकृति यांतून जसे दिवस मिळतील तसे कित्येक लोक ती खंडशः करतात. या खेपेस जेथें थांबले, तेथूनच पुढच्या खेपेस पाऊल उचलतात. असाच परिपाठ अमेरिकेच्या पूर्व भागांतील एका डोंगरवाटेवर आहे. तेथें हेतु देवाचा नसतो, पण नियम मात्र तोच. त्या वाटेवरील एका दिवसाची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

या वाटेचें नांव अ‍ॅपलॅचियन ट्रेल. बेंटन मॅकाय नांवाच्या गृहस्थांनीं १९२१ सालीं तिची कल्पना एका मासिकांत मांडली, आणि १९३७ सालीं ती पुरी झाली. आज ती दक्षिणेस जॉर्जिया राज्यांतील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन राज्यांतील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारें २,२०० मैल जाते. झाडांच्या बुंध्यांवर व उघड्या खडकांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले असतात, तेच वाटाडे. सलग चालणारास पांच-सहा महिने लागतात. अशा लोकांचें कौतुक होतें तें योग्यच आहे. परंतु ही वाट सबंध चाललेला पहिला मनुष्य सलग चाललेला नव्हता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मायरन अ‍ॅव्हरी हे व्यवसायानें वकील. वाट मोजण्याचें चाक ढकलीत, एकेक तुकडा चालून, त्यांनीं १९३६ सालीं, म्हणजे वाटेची शेवटची जोडणी व्हावयाची असतांनाच, आंखलेली सर्व वाट पुरी केली. एका दमांत ती चालून जाणारे पहिले म्हणून ज्यांची ख्याति आहे ते अर्ल शेफर त्यानंतर बारा वर्षांनीं, १९४८ सालीं चालले. आजहि वाटेची देखरेख करणारी संस्था पुरी वाट चाललेल्यांची जी नोंद ठेवते, तींत सलग चाललेला व अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनीं चाललेला असा भेद ती करीत नाहीं. एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आई १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, कापडी बूट घालून व घरीं शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ती सलग चालून गेल्या. तिसऱ्या खेपेस मात्र त्यांनीं वाटेचे तुकडे पाडले, आणि १९६४ सालीं ती पुरी केली.

आतां आपला दिवस. न्यू हॅम्पशायर राज्यांत या वाटेचा एक भाग क्रॉफर्ड पाथ या जुन्या पायवाटेवरून माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर जातो. ही पायवाट एबल क्रॉफर्ड व त्यांचे चिरंजीव ईथन या पितापुत्रांनीं १८१९ सालीं पाडली. शिखराची उंची ६,२८८ फूट. आपल्यापैकीं ज्यांनीं कळसूबाई पाहिली आहे, ते म्हणतील कीं यांत उंच तें काय? कळसूबाई ५,४०० फूट आहे, आणि या वाटेवरील माउंट मन्‍रो ५,३७२ फूट. म्हणजे दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतील. परंतु कळसूबाई विषुववृत्तापासून वीस अंशांच्याहि आंत आहे, आणि मन्‍रो चव्वेचाळीस अंशांवर. तेथें साधारण साडेचार-पावणेपांच हजार फुटांवर झाडें संपतात. शेवटचीं झाडें तर गुडघाभर उंचीचीं, वाऱ्यानें एका बाजूस पिंजलेलीं असतात. वॉशिंग्टनच्या माथ्याचें वर्षाचें सरासरी तपमान पाणी गोठण्याच्या बिंदूखालीं आहे, आणि बर्फ तेथें कोणत्याहि महिन्यांत पडूं शकतें. डोंगराचें उंचपण फुटांवर मोजावयाचें नसतें, तें असें.

वाऱ्याची गोष्ट त्याहून निराळी. १२ एप्रिल १९३४ रोजीं शिखरावरील वेधशाळेंत ताशीं २३१ मैल वेगाचा झोत मोजला गेला. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियाजवळच्या एका चक्रीवादळांत याहून मोठा आंकडा मिळाला, तोंवर जगांत याचीच बरोबरी नव्हती. खंडावरून येणाऱ्या वादळांच्या कित्येक मार्गांची गांठ या प्रदेशांत पडते, आणि वारा डोंगरावर चढतांना दाटून वेग घेतो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा दाब चौपट होतो, हें चालणाऱ्यानें विसरूं नये.

मिझपा येथील विश्रामगृहापासून पाहंटे निघावें. हीं विश्रामगृहें अ‍ॅपलॅचियन माउंटन क्लब या १८७६ सालच्या संस्थेचीं. तेथील शिधा तरुण सेवक पाठीवर वाहून आणतात. शिखर सुमारें सव्वासहा मैल. तिकडील लोकांचा ठोकताळा असा, कीं दर मैलास अर्धा तास आणि दर हजार फूट चढास आणखी अर्धा तास. मैलांचे तीन तासांहून थोडे अधिक, आणि मधल्या उतारांसह चढ तीन हजार फूट धरला तर दीड तास. म्हणजे विसावा वगळून पावणेपांच तास. पण शिखर म्हणजे अर्धाच दिवस. पूर्वेकडून खालीं रस्त्यावर यावयाचें तर आणखी सव्वाचार मैलांची खडी उतरण आहे. उतरणीस या हिशेबांत निराळा वेळ धरलेला नाहीं. साठी उलटलेल्या गुडघ्यांना हा हिशेब मान्य होणें कठीण.

माउंट पीअर्सपाशीं रान सुटतें आणि पुढचे जवळजवळ चार मैल उघड्या धारेवरून जातात. येथें पट्टे खडकांवर, आणि धुक्यासाठीं दगडांच्या राशी रचलेल्या. पाऊल दगडावरच टाकावें, गवतावर नव्हे. याचें कारण मन्‍रोजवळ कळतें. रॉबिन्स सिंकफॉइल नांवाचें, पैशाएवढ्या पानांच्या चकतीचें, पिवळ्या फुलांचें एक रोप आहे. तें जगांत याच राज्यांतील डोंगरांवर कांहीं मोजक्या ठिकाणींच उगवतें, आणि त्याच्या मुख्य वस्तींतूनच ही पायवाट जात होती. बूट पडून तें नष्ट होण्याच्या बेतास आलें. १९८० सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें, पुढें वाट बाजूस वळविली गेली, आणि रोप इतकें सांवरलें कीं २००२ सालीं संकटग्रस्तांच्या यादींतून त्याचें नांव काढण्यांत आलें. वाट थोडी लांबली. कोणीं तक्रार केल्याचें माझ्या तरी ऐकण्यांत नाहीं.

मन्‍रोच्या पायथ्याशीं, दोन लहान तळ्यांच्या कांठीं, लेक्स ऑफ द क्लाउड्स हें विश्रामगृह आहे. शिखर येथून दीड मैल. दिवसाचा खरा निर्णय या ठिकाणीं करावयाचा असतो. हें घर येथें कां आहे, तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ३० जून १९०० रोजीं विल्यम कर्टिस आणि अ‍ॅलन ऑर्म्सबी हे दोघे याच वाटेनें शिखरावरील क्लबच्या सभेस निघाले होते. कर्टिस ६३ वर्षांचे, न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबच्या संस्थापकांपैकीं, आणि अंगानें अत्यंत बळकट म्हणून प्रसिद्ध. ऐन उन्हाळ्यांत बर्फाचें वादळ उठलें. कर्टिस या तळ्यांजवळ गेले. ऑर्म्सबी शिखरावरच्या इमारती हांकेवर असतां पडले. पुढल्याच वर्षीं येथें एक आसरा उभारला गेला, आणि १९१५ सालीं हें विश्रामगृह बांधलें गेलें.

त्यांना सभेची वेळ गांठावयाची होती. सलग चालणारासहि एक वेळ गांठावयाची असते, कारण हिंवाळ्यापूर्वीं कटाडिन गांठलें नाहीं तर वाट बंद होते. तुकड्यानें चालणाऱ्याच्या मागें असें कांहींच नसतें. विश्रामगृहापासून पश्चिमेस तीन मैलांची एक घळीची वाट खालीं उतरते. वरचा भाग खडा व निसरडा आहे, पण ती लौकर झाडींत नेते. त्याच्या अलीकडे, ज्याचें जुनें नांव प्लेझंट होतें त्या माउंट आयझेनहोवरपाशीं, एडमंड्स नांवाच्या गृहस्थांनीं आंखलेली सोपी वाट आहे. या दोन्ही वाटा आदल्या रात्रीं नकाशावर बोटानें चालून पाहाव्या. लोंकरीचे कपडे पिशवींत असावे, अंगांत सुती नसावें. भिजलेलें सूत अंगाची ऊब ओढून घेतें. शिखर ढगांत गेलें असेल आणि वारा पाय हलवीत असेल, तर तळ्यांपाशीं वहींत तारीख व ठिकाण लिहून उतरावें. पुढच्या वर्षीं पट्टा तेथेंच असतो.

आकाश मोकळें असेल तर दीड मैल चढावा. माथ्यावर गेल्यावर मात्र थोडी गंमत वाटते. १८६९ सालापासूनची दांतेरी रुळांची आगगाडी एका बाजूनें येते, मोटारी दुसऱ्या बाजूनें, आणि घामेजलेला वाटसरू चहाच्या रांगेंत स्वच्छ कपड्यांच्या लोकांमागें उभा राहतो. आगगाडीनें उतरलें तरी वाटेच्या नोंदींत उणेपणा येत नाहीं, कारण ती उतरण मुळीं वाटेचा भाग नव्हे. पांढरे पट्टे येथून उत्तरेकडे वळतात, रूळ ओलांडतात, आणि माउंट मॅडिसनकडे जातात. तो पुढचा तुकडा उघड्या धारेवरचाच आहे, आणि त्यास दुसरा दिवस लागतो.