उकळल्यानेही न जाणारे शिसे

उल्हास नदीचे पाणी भिवंडीजवळील टेमघर येथील केंद्रात शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदरकडे जाते. तेथून ते निर्मळ निघाले, तरी आपल्या पेल्यापर्यंत येताना जुने नळ व जोडण्यांतून शिसे त्यात उतरू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला जाणवत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात. शिसे मात्र तसेच राहते. बालकांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधक असून, त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतके अल्प प्रमाण मोजण्यासाठी प्रयोगशाळेत नमुन्याचा थेंब ग्रॅफाइटच्या नळीत अतिशय तापवतात. मोकळे झालेले शिशाचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला, त्यावरून प्रमाण कळते.

मात्र नमुनाच सदोष असेल, तर यंत्र काय करणार? म्हणून एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेच दिलेल्या बाटल्या वापराव्यात. त्यांत आम्ल असल्यास त्या विसळू नयेत. एक नमुना पहाटे नळ उघडताच, दुसरा पाणी काही मिनिटे वाहू दिल्यानंतर घ्यावा. पहिल्यातच शिसे अधिक आढळल्यास दोष बहुधा घरातील नळजोडणीत असतो. अहवाल येईपर्यंत रात्रभर नळात साचलेले पाणी लादी पुसण्यास वापरावे. मुलांना पिण्यास देऊ नये.