वर्क फ्रॉम होम, पण सम एकच!

एक्सेल शीट मुंबईत, बॉस बंगळुरूत, क्लायंट कॅलिफोर्नियात आणि आपण घरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा! कोविडच्या काळात हे आपण सगळ्यांनीच केलं. पण याच पद्धतीनं कुणी मैफल जमवली असेल, असं वाटतं का? जमवलीय, बॉस! त्याचा अल्बम काढलाय, तो घेऊन जगभर दौरा केलाय आणि वर ग्रॅमीही पटकावलाय.

या मंडळींचं नाव ‘शक्ती’. थोडा फ्लॅशबॅक. १९७३ हे बँडचं जन्मवर्ष मानलं जातं. गिटारवर ब्रिटिश जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम. तबला उत्तरेचा, घटम दक्षिणेचा आणि गिटार थेट जॅझमधून आलेली. १९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर त्यांचं स्टुडिओत जाणं थांबलं. १९९७ मध्ये ‘रिमेम्बर शक्ती’ या नावानं गाडी पुन्हा सुरू झाली. यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन आलं, विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश आले, पुढे शंकर महादेवन आले. (हो, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गाण्यात उतरलेले तेच. आपल्यातल्या कित्येकांचं क्यूबिकलमधलं स्वप्न!) पण अल्बम निघत होते ते मैफलींच्या रेकॉर्डिंगचे.

मला विचाराल तर यात नवल काहीच नाही. या संगीताची सगळी जान समोरासमोर बसण्यात आहे. गिटारनं सवाल टाकायचा, तबल्यानं जवाब द्यायचा. एकानं तिहाई सुरू केली की दुसऱ्यानं नुसत्या भुवईवरून ओळखायचं आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं. हे ई-मेलवर कसं करणार, राव?

आणि २०२० नंतर नेमकं तेच करायची वेळ आली. पन्नाशी जवळ आलेली, नव्या अल्बमचा विचार पक्का आणि जग मात्र बंद. मॅक्लॉफ्लिन मोनॅकोत, झाकीरभाई कॅलिफोर्नियात, शंकर महादेवन नवी मुंबईत. कॅलिफोर्निया तर आपल्या साडेबारा-साडेतेरा तास मागे. इथे दुधाची पिशवी आत घ्यायची वेळ, तर तिथे संध्याकाळ. मग ज्यानं त्यानं आपापल्या जागी रेकॉर्डिंग करायचं आणि ट्रॅक पुढच्याकडे पाठवायचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गोची इथेच आहे. समोरच्यानं घेतलेल्या जागेला तुम्ही जवाब देऊ शकता. तुमची जागा ऐकून तो मात्र काहीच बदलू शकत नाही. त्याचं वाजवून झालेलं असतं! म्हणजे सवाल-जवाबातला अर्धा भाग मनातच ऐकायचा. एकमेकांचा स्वभाव वर्षानुवर्षं कानात मुरलेला असेल, तरच हे जमतं. नव्यानं आलेले व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन यांना तर या घरात आल्या आल्या हेच करावं लागलं.

३० जून २०२३ ला ‘धिस मोमेंट’ आला. आठ रचना आणि ४६ वर्षांनंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम! त्यातली ‘श्रीनीज् ड्रीम’ जरूर ऐका. मेंडोलिनचे श्रीनिवास २०१४ मध्ये अवघ्या ४५ व्या वर्षी गेले. ही त्यांची आठवण.

त्याच वर्षी दौराही झाला. जानेवारीत भारत, उन्हाळ्यात युरोप, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिका. परदेश दौरा म्हटलं की आपल्याला फक्त विमानतळावरचे फोटो दिसतात. वाद्यांना मात्र प्रत्येक शहराची हवा नव्यानं सोसावी लागते. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाते, दमट हवेत सैल पडते. मग हातोडी घ्यायची, गठ्ठे ठोकायचे आणि सूर पुन्हा जुळवायचा. सेल्वागणेश यांच्या खंजिरीचा सूर उतरवायला कातड्याला पाणी लावावं लागतं. घटम तर मातीचा. त्याला वादीही नाही आणि गठ्ठाही नाही. सूर बदलला की घटच दुसरा घ्यायचा, तोही न फुटता पोहोचला असेल तर!

आणि माणसांचं काय? मॅक्लॉफ्लिन तेव्हा ८१ वर्षांचे होते. २०१७ मध्येच त्यांनी अमेरिकेतल्या रसिकांसाठी निरोपाचा दौरा केला होता. तरी ते पुन्हा गेले. पन्नास वर्षं झालीत, जुनीच गाणी वाजवली असती तरी हॉल भरले असते. पण या मंडळींनी जुन्या नावावर नवं काम मांडलं. मला हे जाम आवडतं. आपल्याकडे पाच वर्षांच्या अनुभवावर लोक रिटायरमेंटच्या गप्पा मारतात!

४ फेब्रुवारी २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये ‘धिस मोमेंट’ला सर्वोत्कृष्ट ग्लोबल म्युझिक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले. वय ७३.

‘सगळं सुरळीत झालं की निवांत भेटू, मग बसू रेकॉर्डिंगला’ असं म्हणणं त्यांना किती सोपं होतं! कुणी नावं ठेवली नसती. पण मग हा अल्बम कदाचित झालाच नसता. भेट होईना, तर त्यांनी ट्रॅक पाठवले. रस्ते उघडले, तसे पाचही जण एका मंचावर बसले. झाकीरभाईंचा तबला त्या आठ रचनांमध्ये आता कायमचा आहे. हेडफोन लावा आणि सम कुठे येते ते पकडा. पाच जण वेगवेगळ्या खोल्यांत होते, यावर विश्वास बसणार नाही.